दाखल नोंदवही एक्सेलमधून डीबीएफमध्ये नेताना : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

ग्रंथालयाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह केलेली नोंद, गेली अनेक वर्षे एक्सेलमध्ये भरली जात आहे. नवी संगणक प्रणाली मात्र जुनी माहिती केवळ डीबीएफ फाइलमधून, म्हणजे डीबेस या जुन्या माहितीसाठा-प्रणालीच्या मांडणीतल्या फाइलमधून, आत घेते, त्यामुळे संपूर्ण नोंदवही त्या स्वरूपात नेण्याचे काम आज हाती घेतले. फाइल एकच असली तरी तिच्यात चार शीट आहेत. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी भरल्या गेल्या असून रकान्यांचा क्रम चारही ठिकाणी सारखा नाही.

मूळ फाइलची प्रत काढून ती केवळ वाचनासाठी खुली ठेवली आणि पुढील प्रत्येक बदल दुसऱ्या प्रतीवर करण्याचे ठरवले. नंतर ओळी मोजल्या. चार शीटमध्ये अनुक्रमे ३,१२०, ४,०६५, २,९११ आणि १,८९४ ओळी भरल्या, म्हणजे एकूण ११,९९०. हा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवण्यामागे कारण आहे. शेवटी डीबीएफमध्ये जितक्या नोंदी उतरतील, तितक्यांचा आणि या आकड्याचा फरक ओळ न् ओळ समजावून सांगता आला पाहिजे. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडची १५,८४१ प्रकरणे वेळेवर नोंदली गेली नव्हती, कारण माहिती जुन्या एक्सएलएस स्वरूपात घेतली जात होती आणि त्या स्वरूपातील शीटमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. आमची नोंदवही त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, पण आधी आणि नंतर मोजण्याची शिस्त लहान कामातही सोडता येणार नाही.

४ जून २०२४, मंगळवार

आजचा दिवस डीबीएफचे नियम समजून घेण्यात आणि फील्डसूची, म्हणजे डीबीएफमधील रकान्यांची यादी, तयार करण्यात गेला. हे स्वरूप डीबेस या प्रणालीचे. डीबेस-२ ही १९८०च्या सुमारास बाजारात आली, १९८४मध्ये डीबेस-३ आली, आणि आज सर्वाधिक चालणारी डीबीएफची रचना त्या डीबेस-३चीच आहे. तिच्या मर्यादा त्या काळाच्या आहेत. फील्डचे नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचे असते, मजकुराचे फील्ड २५४ बाइटपेक्षा (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे एकक) रुंद असू शकत नाही, तारखेला ८ बाइट मिळतात आणि त्यांत वर्ष, महिना व दिवस सलग अंकांत लिहिलेले असतात, तर होय-नाही प्रकारच्या फील्डला एकच बाइट मिळतो. प्रत्येक नोंदीची लांबी ठरलेली असल्याने ग्रंथनाम दोन अक्षरांचे असो वा साठ अक्षरांचे, त्याला जागा तेवढीच दिली जाते. या काटेकोरपणाबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यामुळेच कोणतीही नोंद फाइलमध्ये नेमकी कुठे सुरू होते हे गुणाकाराने सांगता येते आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मांडणीची फाइल आजही कुठल्याही अडचणीविना वाचता येते.

फील्डची नावे रोमन अक्षरांत, अंकांत आणि अधोरेषेतच द्यायची असल्यामुळे आमचे मराठी मथळे बदलावे लागणार आहेत. इंग्रजी मथळे नुसते जसेच्या तसे घेतले असते तर काय झाले असते, हे तपासून पाहिले. ‘पब्लिकेशन’ हा शब्दच रोमन लिपीत ११ अक्षरांचा आहे, म्हणून प्रकाशनवर्ष आणि प्रकाशनस्थळ असे दोन्ही रकाने दहाव्या अक्षरावर कापले गेल्यानंतर एकाच नावाचे झाले असते. नावे स्वतः ठरवावीत आणि छाटण्याचे काम संगणकावर सोपवू नये, असा नियम केला. प्रकाशनस्थळाचा रकाना चारपैकी एकाच शीटमध्ये आणि तोही तुरळक भरलेला असल्याने ती माहिती शेऱ्यात नेण्यास ग्रंथपालांनी संमती दिली.

एक्सेल २००७पासून डीबीएफमध्ये साठवण्याची सोय एक्सेलने काढून टाकली आहे, त्यामुळे अखेरची निर्यात लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या कार्यक्रमातून होईल. कॅल्कमध्ये मथळ्याच्या सेलमध्येच नावानंतर स्वल्पविराम देऊन फील्डचा प्रकार, रुंदी आणि दशांशस्थळे लिहिता येतात. ती लिहिली नाहीत तर कॅल्क रकान्यातील मजकूर पाहून स्वतः प्रकार ठरवते. आम्ही सर्व ठिकाणी स्पष्ट लिहिणार आहोत. मेमो प्रकारचे फील्ड मोठ्या मजकुरासाठी असते, पण त्याचा मजकूर वेगळ्या डीबीटी फाइलमध्ये राहतो आणि नवी प्रणाली ती फाइल वाचत नाही, म्हणून तो मार्ग बंद आहे.

६ जून २०२४, गुरुवार

शीट डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसासाठी भरली जाते. रंग, जागा, वरची ओळ, मोठा अक्षरठसा, जोडलेले सेल या सर्वांतून तो अर्थ काढतो. डीबीएफमध्ये यांतले काहीच जात नाही. नोंदीच्या ठरलेल्या जागेत जी अक्षरे लिहिली असतील तेवढीच पुढे पोहोचतात. म्हणून आज पूर्ण दिवस एकाच प्रश्नावर घालवला : या चार शीटमध्ये न लिहिलेला अर्थ कोठे कोठे दडला आहे?

पहिले उत्तर रंगांचे. लाल पार्श्वभूमीच्या ओळी हरवलेल्या पुस्तकांच्या आणि पिवळ्या ओळी नोंदवहीतून बाद केलेल्या पुस्तकांच्या आहेत, हे ग्रंथपालांना पाठ होते, पण ते कुठेही लिहिलेले नव्हते. हिरव्या ओळींबद्दल कोणालाच खात्री नव्हती. शेवटी जुन्या बांधणीच्या वहीशी क्रमांक ताडून पाहिल्यावर कळले की ती पुस्तके पुनर्बांधणीसाठी बाहेर पाठवलेली होती आणि त्यांपैकी बहुतेक परतही आली आहेत. लाल रंगाच्याही दोन छटा निघाल्या, त्यामुळे रंगानुसार गाळणी लावताना पहिल्या प्रयत्नात अर्ध्या लाल ओळी हाती लागल्याच नाहीत. प्रत्येक छटा वेगळी गाळून ‘स्थिती’ नावाचा नवा रकाना भरला आणि मगच रंग पुसले. या रकान्याची रुंदी एकच बाइट ठेवली असल्याने संकेत म्हणून रोमन अक्षरे वापरली, कारण ‘ह’ किंवा ‘ब’ हे देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या संकेतपद्धतीत तीन बाइट घेते आणि एका बाइटच्या जागेत बसत नाही.

बाद पुस्तकांच्या नोंदी डीबीएफमध्ये ‘रद्द’ अशी खूण करून पाठवाव्यात, अशी एक सूचना आली होती. डीबेसमध्ये प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक बाइट या खुणेसाठी राखलेला असतो. तिथे मोकळी जागा असेल तर नोंद चालू आणि तारका असेल तर रद्द. सूचना सोयीची वाटली तरी ती मी स्वीकारली नाही. तारका असलेल्या नोंदी पॅक ही एकच आज्ञा दिल्यावर कायमच्या निघून जातात. बाद केलेले पुस्तक हाही ग्रंथालयाच्या इतिहासाचा भाग असून त्याचा दाखल क्रमांक पुन्हा कोणाला दिला जाऊ नये, यासाठी तरी ती नोंद टिकली पाहिजे.

दुसरे उत्तर ‘सदर’ या शब्दाचे आणि दोन टिंबांच्या खुणेचे. एकाच लेखकाची पाच पुस्तके पाठोपाठ दाखल झाली की पहिल्या ओळीत नाव आणि खालच्या चार ओळींत ही खूण, अशी कागदी नोंदवहीची पद्धत शीटमध्येही आली आहे. त्या खुणेचा अर्थ ओळींच्या क्रमावर उभा असतो. कोणी एकदा शीट ग्रंथनामानुसार लावली की ‘सदर’ भलत्याच लेखकाखाली जाऊन बसते आणि पुढे कोणाला शंकाही येत नाही. तिसऱ्या शीटमध्ये असे झाले असावे, असा संशय होता, कारण तिथे दाखल क्रमांक मध्येच मागे जात होते. आधी दाखल क्रमांकानुसार क्रम लावून मूळ क्रम परत आणला, नंतर प्रत्येक खुणेच्या जागी वरच्या ओळीतील नाव भरले, आणि जिथे वरची ओळ गहाळ होती तिथे कागदी नोंदवही पाहून नाव लिहिले. जोडलेल्या सेलचेही तसेच आहे. जोड काढली की मूल्य केवळ डावीकडच्या वरच्या सेलमध्ये राहते आणि बाकीचे रिकामे होतात, तेव्हा तेही भरून घेतले.

सेलना चिकटवलेल्या टिपा मी जवळजवळ विसरलोच होतो. त्यांत ‘पाने ३३ ते ४८ नाहीत’ अशी मोलाची माहिती होती. ती सर्व शेऱ्याच्या रकान्यात उतरवली.

७ जून २०२४, शुक्रवार

चारही शीट एकाखाली एक आणल्या. मध्ये मध्ये आलेले मथळे, वर्षअखेरच्या बेरजा आणि रिकाम्या ओळी मिळून ११८ ओळी काढल्या, त्यामुळे ११,८७२ उरल्या. एकच दाखल क्रमांक आणि एकच मजकूर असलेल्या २६ ओळी दुसऱ्यांदा भरलेल्या होत्या. त्या काढल्यावर ११,८४६ नोंदी राहिल्या. याखेरीज नऊ जोड्यांमध्ये क्रमांक एक आणि पुस्तके दोन होती. त्या काढलेल्या नाहीत. पुस्तकावरचा शिक्का पाहून ग्रंथपाल बरोबर क्रमांक देतील.

१० जून २०२४, सोमवार

तारखा. या एका रकान्याने सर्वांत जास्त विचार करायला लावले, म्हणून त्याची नोंद सविस्तर ठेवतो.

एक्सेल तारीख क्रमवार संख्येच्या रूपात ठेवते. १९००च्या पद्धतीत १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. जुन्या मॅक संगणकांवर तयार झालेल्या फाइलमध्ये मात्र गणना १९०४पासून सुरू होते आणि दोन्ही पद्धतींत १,४६२ दिवसांचे अंतर पडते. चौथी शीट अशाच फाइलमधून कधीतरी इथे चिकटवलेली असणार, कारण तिच्यातील प्रत्येक दाखल दिनांक शेजारच्या शीटशी तुलना करता चार वर्षे आणि एक दिवस मागे होता. म्हणजे जिथे १ जानेवारी २०२४ हवी होती तिथे ३१ डिसेंबर २०१९ दिसत होती. तारीख दिसायला पूर्ण निर्दोष असते, चुकीचा संदेश येत नाही, आणि रकान्याचा प्रकारही बरोबर असतो. दाखल क्रमांक वाढत असताना दिनांक मागे गेला, एवढाच पुरावा हाती होता. त्या शीटमधील सर्व दिनांकांत १,४६२ मिळवले आणि शिक्क्यावर दिनांक असलेली वीस पुस्तके कपाटातून काढून ताडून पाहिली. वीसही जुळली.

दुसऱ्या शीटचा दोष अधिक फसवा होता. तिथले दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमधून, महिना आधी वाचणाऱ्या संगणकावर उघडले गेले होते. अशा वेळी दिवस १२पेक्षा मोठा असेल तर संगणकाला तो महिना म्हणून वाचता येत नाही आणि तो सेल मजकूर म्हणूनच राहतो. दिवस १२ किंवा त्याहून लहान असेल तर मात्र दिवस आणि महिना गुपचूप आपसांत बदलतात. परिणामी रकान्यात डावीकडे सरकलेले मजकूर आणि उजवीकडे सरकलेल्या तारखा यांची सरमिसळ दिसत होती, आणि पाहणाऱ्याला वाटावे की मजकूर तेवढा दुरुस्त केला की झाले. प्रत्यक्षात मजकूर राहिलेल्या तारखाच बरोबर होत्या आणि तारीख झालेल्या चुकीच्या. कोणत्याही वर्षात दिवस १२पर्यंत असलेल्या १४४ तारखा असतात. त्यांतल्या १२ तारखांना दिवस आणि महिना सारखाच, म्हणून उरलेल्या १३२ तारखांना हा धोका असतो.

दुरुस्तीचा नियम त्यामुळे उलटा ठेवावा लागला : या शीटपुरते, खऱ्या तारखा असलेल्या सर्व सेलमधील दिवस आणि महिना आपसांत बदलायचे, आणि मजकुराच्या सेलचे रूपांतर दिवस आधी धरून करायचे. नंतर दाखल क्रमांकाच्या क्रमाने दिनांक कुठे मागे जातो का, हे पाहिले. चौदा जागा निघाल्या. त्या हाताने भरलेल्या होत्या आणि कागदी नोंदवहीतही तशाच होत्या, म्हणून त्यांना हात लावला नाही. मूळ दस्तऐवजात जे आहे ते बदलण्याचा अधिकार या कामाला नाही.

डीबीएफमध्ये तारखेसोबत वेळ जात नाही. आमच्याकडे वेळ नव्हतीच.

११ जून २०२४, मंगळवार

खंडाच्या रकान्यात ‘दोनपैकी पहिला’ हे १/२ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि एक्सेलने त्यांतले बरेच आकडे १ फेब्रुवारी करून ठेवले होते. दिवस-महिना परत वेगळे काढून मजकूर पूर्ववत केला. यातून एक अनपेक्षित गोष्ट मिळाली. अशा तारखेचे वर्ष हे ती नोंद टंकली गेली त्या वर्षाचे असते, त्यामुळे कोणता भाग केव्हा भरला गेला याचा अंदाज आला. हा दोष जगभर माणसांना छळत आला आहे. काही जनुकांची इंग्रजी नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या संक्षेपांसारखी असल्याने शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतही त्यांच्या तारखा होत असत, आणि अखेर २०२०मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावेच बदलली. आम्ही रकान्याचा प्रकार आधी मजकूर करून मगच त्यात भरणे, एवढे पथ्य पाळले तरी पुरेसे आहे.

वर्गांकाच्या, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या अंकाच्या, आरंभीची शून्ये गळालेली होती. दशांश वर्गीकरणात ०२० हा ग्रंथालयशास्त्राचा अंक आहे. तो २० असा उरला होता. दशांशबिंदूच्या डावीकडे तीन अंक होईपर्यंत शून्ये लावली आणि रकाना मजकुराचा केला. ज्या संख्येशी कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही ती संख्या मजकूर म्हणूनच ठेवायची, हा नियम दाखल क्रमांक, वर्गांक आणि आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक) या तिन्हींना लावला.

आयएसबीएनचे काम समाधान देणारे ठरले. १३ अंकी क्रमांक एक्सेलने घातांकाच्या रूपात दाखवले होते, पण एक्सेल १५ अंकांपर्यंत अचूकता राखत असल्याने मूळ अंक सेलमध्ये शाबूत होते. रकान्याचे रूप बदलताच ते दिसले. जुन्या १० अंकी क्रमांकांपैकी काहींचे पहिले शून्य गेले होते आणि ९ अंक उरले होते. इथे शून्य लावणे हा केवळ तर्क राहत नाही, कारण आयएसबीएनचा शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला तपासणी-अंक असतो. शून्य लावल्यावर ११ने भाग जाण्याची कसोटी जमली, तर दुरुस्ती बहुधा बरोबर आहे असे मानता येते. ज्या सात क्रमांकांत ती जमली नाही ते पुस्तकावरून पुन्हा लिहून घेतले, आणि सातही ठिकाणी मुळात एक अंक टंकताना चुकलेला निघाला.

१३ जून २०२४, गुरुवार

देवनागरी मजकुराची शुद्धी हा या प्रकल्पाचा गाभा आहे असे मला आज मनापासून वाटले. आकड्यांच्या चुका मोजता येतात. मजकुराच्या चुका डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही, तेव्हा वाचक ‘नाही’ असे उत्तर घेऊन परत जातो.

आरंभ सोपा होता. मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा ट्रिम सूत्राने काढल्या, पण काही सेल तसेच राहिले. त्यांत न तुटणारी मोकळी जागा होती, जिचा संकेत १६० आहे, आणि ट्रिम सूत्र केवळ ३२ संकेताची साधी जागा ओळखते. आधी सबस्टिट्यूट सूत्राने १६०च्या जागी ३२ आणून मग ट्रिम केले. सेलमधल्या सेलमध्ये दिलेल्या नव्या ओळी डीबीएफच्या नोंदीत तशाच गेल्या असत्या आणि काही कार्यक्रमांत मांडणी बिघडली असती, म्हणून त्यांच्या जागी स्वल्पविराम घातले.

पहिल्या शीटमधील सुमारे चारशे ओळी युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. फॉन्ट बदलला की तिथे रोमन अक्षरांची निरर्थक ओळ दिसते, कारण साठवलेले संकेत खरोखर रोमन अक्षरांचेच आहेत आणि देवनागरीचा केवळ आकार फॉन्टने दिलेला आहे. फॉन्टची माहिती डीबीएफमध्ये जात नसल्याने हे रूपांतर आधी करणे भाग होते. अक्षरासाठी अक्षर बदलून भागत नाही. पहिली वेलांटी या फॉन्टमध्ये व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे आहे : फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त हे अक्षराच्या आधी येतात. जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार असेल तर संपूर्ण जोडाक्षर ओलांडून जावे लागते. रूपांतराचा कार्यक्रम चालवल्यानंतर चारशेच्या चारशे ओळी आम्ही दोघांनी वाचल्या. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी ताडायचे, अशी पद्धत ठेवली.

मग आला ‘दुसऱ्या’ हा शब्द. पडद्यावर सारखा दिसणारा हा शब्द नोंदवहीत दोन प्रकारे साठवलेला आढळला. एका प्रकारात ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारा जोडणारा संकेत, असतो, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त असतो. ‘ऱ’सुद्धा कधी एका संकेताचा तर कधी ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन संकेतांचा होता. युनिकोडचे प्रमाणित रूप, म्हणजे एनएफसी, लावल्यावर शेवटचा भेद मिटतो, कारण ती दोन रूपे युनिकोड समान मानते. जोडक असलेले रूप मात्र समान मानले जात नाही, म्हणून त्यासाठी स्वतंत्र नियम लिहून सर्वत्र ‘ऱ’ आणि हलन्त हे रूप आणले. ‘ॲ’चेही असेच आहे. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आले आणि त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत, ते प्रमाणित रूप लावूनही एक होत नाही. नोंदवहीत दोन्ही होते, आता एकच आहे. बाकीचे जोडक आणि अजोडक सरसकट पुसले नाहीत. जिथे हलन्त मुद्दाम मोकळा दाखवायचा असतो तिथे त्यांना अर्थ असतो. शब्दाच्या शेवटी निष्कारण राहिलेले तेवढे काढले.

१४ जून २०२४, शुक्रवार

रुंदी अक्षरांत मोजायची नाही, बाइटमध्ये मोजायची, हे आज प्रत्येक मजकूर-रकान्याला लावून पाहिले. एक्सेलचे लेन सूत्र अक्षरसंकेत मोजते, म्हणून ‘महाराष्ट्र’ला ते १० सांगते. यूटीएफ-८मध्ये त्याच शब्दाला ३० बाइट लागतात, कारण देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा असतो आणि काना, वेलांटी, हलन्त हे सर्व वेगळे संकेत धरले जातात. त्यामुळे २५४ बाइटच्या फील्डमध्ये देवनागरीचे जास्तीत जास्त ८४ संकेत मावतात, आणि जोडाक्षरे अधिक असतील तर दिसणारी अक्षरे त्याहून पुष्कळ कमी.

पायथॉन या संगणकभाषेत लहानसा कार्यक्रम लिहून प्रत्येक सेलची बाइटसंख्या काढली आणि त्यावरून रुंदी ठरवली : ग्रंथनाम २५२, ग्रंथकार १८०, सहग्रंथकार १५०, प्रकाशक १५०, शेरा २५४. एकाच सेलमध्ये ‘आणि’ने जोडलेले लेखक आधीच वेगळ्या रकान्यात नेले होते, त्याचा इथे उपयोग झाला. तरीही २३ ग्रंथनामे २५२ बाइटपेक्षा लांब निघाली. निर्यात करणाऱ्या कार्यक्रमाने ती बाइटवर कापली असती, तर शेवटचे अक्षर एक किंवा दोन बाइटवर तुटून तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन उरला असता. रुंदी तीनच्या पटीत ठेवल्याने हे टळत नाही, कारण मजकुरातील प्रत्येक मोकळी जागा आणि प्रत्येक विरामचिन्ह एकेका बाइटचे असते आणि पट लगेच बिघडतो.

म्हणून कापायचे कुठे हे माणसाने ठरवले. १९ ग्रंथनामांत अपूर्णविरामानंतर (:) उपशीर्षक होते, ते शेऱ्यात ‘उपशीर्षक’ असे लिहून हलवले. उरलेल्या चारांत तसा सांधा नव्हता. त्यांचे नाव शब्दाच्या सीमेवर थांबवले आणि पूर्ण नाव दाखल क्रमांकासह एका वेगळ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवले, जी डीबीएफसोबत द्यायची आहे.

१७ जून २०२४, सोमवार

पृष्ठसंख्येचे रिकामे सेल. डीबेस-३च्या संख्या-फील्डमध्ये ‘माहीत नाही’ असे सांगणारे मूल्य नाही. जागा मोकळी राहते आणि वाचणारा कार्यक्रम बहुधा तिचे शून्य करतो. शून्य पानांचे पुस्तक ही खोटी नोंद आहे. म्हणून ‘पृष्ठे माहीत’ असे एक बाइटचे होय-नाही फील्ड जोडले आणि नव्या प्रणालीत शून्य दाखवण्याआधी ते पाहिले जावे, असे लेखी कळवले. उंचीचे फील्ड पाच जागांचे आणि एका दशांशाचे ठेवले. दशांशबिंदूही त्या पाचांत मोजला जातो, हे ध्यानात ठेवून सर्वांत मोठे मूल्य बसते याची खात्री केली.

१८ जून २०२४, मंगळवार

संपूर्ण फाइल देण्याआधी दहा नोंदींचा नमुना नव्या प्रणालीत घालून पाहिला. डीबीएफच्या शीर्षभागात मजकुराची संकेतपद्धती सांगणारा एक बाइट असतो, पण डीबेसच्या यादीत यूटीएफ-८साठी ठरलेला संकेतच नाही, त्यामुळे फाइल स्वतःबद्दल हे सांगू शकत नाही. पहिल्या प्रयत्नात प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हे आली. माहिती बिघडलेली नव्हती, वाचणाऱ्याने चुकीची पद्धत गृहीत धरली होती. आयात करताना पद्धती स्पष्ट निवडल्यावर दहाही नोंदी स्वच्छ उमटल्या. नमुन्यात मी मुद्दाम सर्वांत लांब ग्रंथनाम, रिकामी पृष्ठसंख्या, ‘ऱ्य’ असलेला शब्द, शून्याने सुरू होणारा वर्गांक आणि बाद झालेले पुस्तक निवडले होते. सरळ नोंदींनी नमुना भरला असता तर त्यातून काहीच कळले नसते.

ग्रंथपालांकडून नऊ दुहेरी क्रमांकांची उत्तरेही आज आली. ती भरली. नोंदींची संख्या बदलली नाही.

२० जून २०२४, गुरुवार

निर्यात केली. कॅल्कने केवळ चालू शीट साठवली जाईल अशी सूचना दिली, जी अपेक्षितच होती. संकेतपद्धती यूटीएफ-८ निवडली.

मग फाइल बाइटच्या पातळीवर तपासली. फील्ड १५ आहेत. शीर्षभागाची लांबी ३२, अधिक प्रत्येक फील्डला ३२, अधिक शेवटच्या खुणेचा १, म्हणजे ५१३ बाइट असायला हवी. सर्व फील्डच्या रुंदींची बेरीज १,०५३ आणि रद्दखुणेचा एक बाइट धरून नोंदीची लांबी १,०५४. या लांबीने ११,८४६ नोंदींना १,२४,८५,६८४ बाइट लागतात, त्यात शीर्षभाग आणि फाइलच्या अंताची एक बाइटची खूण मिळवली की १,२४,८६,१९८ होतात. फाइलचा आकार नेमका तेवढाच निघाला. शीर्षभागातील नोंदसंख्येचे बाइट ७०, ४६, ०, ० असे होते. लहान बाइट आधी या क्रमाने ते वाचले की ७० अधिक ४६ गुणिले २५६, म्हणजे ११,८४६ येतात.

शेवटी पाच हजारावी नोंद हिशेबाने शोधली. ५१३मध्ये ४,९९९ गुणिले १,०५४ मिळवले की ५२,६९,४५९ हे स्थान येते. तिथे रद्दखुणेच्या जागी मोकळी जागा होती आणि पुढच्या आठ बाइटमध्ये शीटच्या पाच हजाराव्या नोंदीचा दाखल क्रमांक जसाच्या तसा होता.

२१ जून २०२४, शुक्रवार

डीबीएफ पुन्हा वाचून तिचे तक्त्यात रूपांतर केले आणि शुद्ध केलेल्या शीटशी प्रत्येक सेल ताडला. मजकुराच्या शेवटी भरलेल्या मोकळ्या जागा वगळल्यावर एकही फरक आढळला नाही. नव्या प्रणालीने ११,८४६ नोंदी आत घेतल्या आणि ग्रंथपालांनी ‘दुसऱ्या’ हा शब्द टाकून शोध घेतला, तेव्हा पहिल्या शीटमधील जुन्या फॉन्टची पुस्तकेही यादीत आली.

डीबीएफसोबत मूळ एक्सेल फाइल, फील्डसूची, रंगांचे अर्थ, काढलेल्या १४४ ओळींची कारणांसह यादी आणि चार लांब ग्रंथनामांची सीएसव्ही फाइल सुपूर्द केली. त्या चार पुस्तकांची पूर्ण नावे नव्या प्रणालीत हाताने भरण्याचे काम सोमवारी करायचे आहे.